संप्रदायाचे सामाईक ज्ञान : रिद्धपूरचा धडा

संस्थेचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे प्रथम गुरुपरंपरा सांगितली जाते. मग देवालयाचा जीर्णोद्धार, उत्सवांची वाढ, अन्नदान आणि दानशूर भक्तांची नामावली येते. हे सर्व उचितच आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी असणारा एक प्रश्न बहुधा अस्पर्शित राहतो. शंभर माणसांना जे थोडे थोडे ठाऊक असते, ते सर्वांचे मिळून एक ज्ञान कसे होते? आणि ती शंभर माणसे काळाच्या उदरात गेल्यावर ते ज्ञान मागे कसे उरते? इमारत पडली तर वर्गणी काढून पुन्हा उभारता येते. एखाद्या वृद्ध सेवेकऱ्याबरोबर गेलेली आठवण मात्र कितीही द्रव्य खर्चिले तरी परत येत नाही. म्हणून मठाच्या या मंगल वर्षी या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

पाठशाळेत शिकणाऱ्यास या प्रश्नाचे एक उत्तर लहानपणीच मिळते. वेदपठणात संहितापाठ आहे, पदपाठ आहे, क्रमपाठ आहे आणि त्यापुढे जटा, घन इत्यादी विकृती आहेत. तोच मंत्र निरनिराळ्या रीतीने म्हणावयाचा, यात केवळ बुद्धीचे कौतुक नाही. एका पाठात शिरलेली चूक दुसऱ्या पाठात उघडी पडते आणि एकाची जीभ घसरली तर शेजारी बसलेले चौघे तत्काळ सावरून घेतात. अशी ही परस्परांवर पहारा ठेवणारी व्यवस्था आहे. तिच्या बळावर अक्षर न् अक्षर सहस्रावधी वर्षे टिकले.

परंतु या पद्धतीने जे राखले जाते ते आधीच सिद्ध असलेले वचन होय. एखादा महापुरुष वर्षानुवर्षे गावोगाव हिंडला, शेकडो माणसांशी बोलला, प्रत्येकाने त्याचे एकेक रूप पाहिले आणि तो दृष्टीआड झाला, तर त्या विखुरलेल्या आठवणींचे काय करावयाचे? तेथे पाठांतर पुरत नाही, कारण पाठ करावयास ग्रंथच अद्याप नाही. बौद्ध परंपरा सांगते की तथागतांच्या निर्वाणानंतर राजगृहास भिक्षूंची संगीती भरली, आनंदाने धर्म सांगितला, उपालीने विनय सांगितला आणि संघाने त्यास संमती दिली. महाराष्ट्रात असेच, किंबहुना याहून अधिक बारकाईचे कार्य जेथे झाले, ते स्थान आपल्यापासून फार दूर नाही. पांढुर्ण्याहून वरुड आणि मोर्शी मागे टाकून पुढे गेले की अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर लागते. त्या गावी महानुभाव पंथाने तेराव्या शतकात जे केले, ते उपासनेचा भेद बाजूस ठेवून प्रत्येक मठाने अभ्यासावे, असे आहे.

श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन त्यांस घडले आणि पुढे गोदावरीच्या काठाने व विदर्भात त्यांनी दीर्घ काळ भ्रमण केले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, आणि ज्याची जशी योग्यता तसे बोलत. कोणास दृष्टांत सांगत, कोणाच्या प्रश्नास उत्तर देत, कोणास केवळ आचरणातून शिकवीत. देवगिरीस यादवांचे राज्य असण्याचा तो काळ. शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, असे पंथ मानतो. मागे राहिलेला शिष्यपरिवार रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी एकत्र झाला. त्यांचे धुरीण श्रीनागदेवाचार्य, ज्यांस सर्वजण भटोबास म्हणत.

आता या परिवाराची स्थिती ध्यानी घ्यावी. प्रत्येकाजवळ काही होते, सर्व कोणाजवळच नव्हते. जो पैठणास भेटला त्याला पैठणचे ठाऊक. जो एकांतात सेवेस होता त्याला एकांतातले ठाऊक. पंथाच्या दृष्टांतपाठात आंधळ्यांचा आणि हत्तीचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. ज्याने पाय चाचपला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याने कान धरला त्याला सुपासारखा. स्वामींनी तो ईश्वरज्ञानाविषयी सांगितला. परंतु स्वामींच्या पश्चात् त्यांच्या चरित्राविषयी परिवाराची अवस्था काहीशी तशीच झाली होती. कोणी खोटे बोलत नव्हता, आणि तरीही कोणाचेच सांगणे पुरे नव्हते.

ही उणीव ज्याने ओळखली तो म्हाइंभट. सराळ्याचा हा विद्वान ब्राह्मण प्रथम स्वामींशी वाद करण्याच्या ईर्ष्येने आला आणि अखेर त्यांचा अनुयायी झाला. वादात मुरलेल्या पंडितास पुरावा म्हणजे काय हे ठाऊक असते. भटोबास स्वामींच्या लीळांचे नित्य स्मरण करीत; ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले की हे स्मरण भटोबासांबरोबरच संपून जाईल, आणि पुढील शिष्यांस काय मिळेल? भटोबासांच्या अनुमतीने त्यांनी लेखनास आरंभ केला. प्रथम भटोबासांकडून ऐकले. मग ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांची साक्ष घेतली आणि जमलेले पुन्हा भटोबासांपुढे ठेवून शोधून घेतले. रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या ठायी हे लेखन झाले, असे परंपरा सांगते. शके १२००, अर्थात् इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ म्हणजेच लीळाचरित्र. मराठी गद्यातील आद्य ग्रंथ म्हणून त्याचा गौरव सर्वत्र होतो. प्रस्तुत लेखास त्याहून महत्त्वाची वाटते ती तो घडविण्याची रीत.

या रीतीतील पहिली गोष्ट ही की साक्ष कोणाची, याचा मान जातीवरून किंवा विद्वत्तेवरून ठरला नाही. ज्याने पाहिले आणि ऐकले तो प्रमाण. सेवेतील स्त्रियांच्या आठवणींस पंडितांच्या आठवणींइतकेच स्थान मिळाले. महदाइसा स्वामींस वारंवार प्रश्न विचारी आणि मिळालेले उत्तर जपून ठेवी. तिच्या जिज्ञासेमुळे कितीतरी गोष्टी पुढील पिढ्यांस कळल्या. दुसरी गोष्ट अशी की लीळा सुटी सांगितलेली आहे, परंतु निराधार नाही. ती कोठे घडली, समोर कोण होते, प्रश्न काय होता, हे बहुधा तेथेच येते. एका वाक्याचा अर्थ प्रसंगावाचून भलताच होऊ शकतो, हे त्या संकलनकर्त्याने जाणले होते. तिसरी गोष्ट ही की गोळा करणारा एक आणि तपासणारा दुसरा असे. म्हाइंभटांनी स्वतःच्या संग्रहास स्वतःच प्रामाण्य दिले नाही. परिवारास ज्यांचा शब्द मान्य होता त्यांच्यापुढे तो ठेवला. श्रम एकाचे, आणि मान्यता सर्वांची, अशी ही घडण आहे.

श्रीगोविंदप्रभूंच्या पश्चात् त्यांचेही चरित्र याच रीतीने सिद्ध झाले. एकदा एक वहिवाट पडली की पुढील काम सोपे होते, याचे हे उदाहरण.

परंतु एक मोठा ग्रंथ सिद्ध झाल्याने सर्वांचे काम भागत नाही. ज्यास आचाराचा नियम पाहावयाचा आहे त्याने हजाराच्या वर लीळा चाळाव्यात काय? ही अडचण केशिराजबासांनी दूर केली. त्यांनी स्वामींची वचने निवडून विषयवार लावली, तो सूत्रपाठ. स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत निराळे काढले, प्रत्येकाच्या आधी मूळ सूत्र आणि नंतर त्याचे तात्पर्य जोडले, तो दृष्टांतपाठ. त्यात सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे व दार्ष्टांतिक केशिराजबासांचे, ही सीमा त्यांनी स्पष्ट राखली. गुरूचे वचन कोणते आणि शिष्याचे विवरण कोणते, हे वाचकास वेगळे ओळखता यावे, हा प्रामाणिकपणा आजच्या संपादकांनीही घेण्याजोगा आहे. पुढे स्थानपोथी झाली. स्वामी ज्या ज्या गावी राहिले तेथे गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आसन कोणत्या ठिकाणी, हे तीत नोंदले आहे. त्या नोंदींच्या आधाराने पिढ्यान्पिढ्या यात्रेकरू त्या स्थानी वंदनास जात राहिले. एकाच ज्ञानभांडारातून अभ्यासकास सूत्र, निरूपणकारास दृष्टांत आणि यात्रिकास वाट मिळाली. ज्याच्या त्याच्या गरजेनुसार ज्ञान हाती येईल असे मांडणे, हे संग्रह करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि संस्कृत पाठशाळेच्या विद्यार्थ्याने तो टाळणे उचित होणार नाही. केशिराजबास संस्कृताचे मोठे जाणकार होते आणि संस्कृतात रचना करू लागले होते. त्या वेळी भटोबासांनी त्यांस थांबविले. स्वामींनी आपणास मराठीत सांगितले आहे. संस्कृतात लिहिल्यास परिवारातील साध्या वृद्ध स्त्रिया या ज्ञानास मुकतील, असा त्यांचा आशय होता. देववाणीचा यात अनादर नाही. ज्ञान ज्यांचे आहे त्यांना ते वाचता व ऐकता आले पाहिजे, एवढाच त्यातील मुद्दा आहे. आम्ही व्याकरण आणि न्याय यांच्या अध्ययनात वर्षे घालवितो ती सार्थ व्हावयाची, तर शिकलेले शेवटी वृद्ध मातांच्या बोलीत उतरले पाहिजे. पुढे सोळाव्या शतकात पंथ पंजाबात पोहोचला आणि त्याही पलीकडे पेशावर-काबूलपर्यंत त्याचे अनुयायी झाले. तेथील शिष्यही धर्मभाषा म्हणून मराठीच शिकले. घरात एक भाषा व पोथीत दुसरी, असा संसार त्यांनी शतकानुशतके केला. आपल्या सीमेवरील भागास हे विशेष जवळचे वाटावे.

यानंतर संकट आले. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या स्वाऱ्यांत यादवांचे राज्य मोडले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. एवढ्या श्रमाने जमविलेले सर्व गेले असते. परंतु ग्रंथ केवळ पेटीत नव्हता, कित्येकांच्या कंठीही होता. ज्यांस पाठ होता त्यांनी तो पुन्हा उभा केला. म्हणूनच रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ, पिढीपाठ अशी नावे आपणास ऐकू येतात. त्यातच हिराइसा पाठ आहे. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीवर संप्रदायाने ग्रंथाचा एक संपूर्ण पाठ स्वीकारावा आणि तिच्या नावाने तो ओळखावा, ही घटना आपल्या इतिहासात लहान नव्हे.

हे पाठ सर्वत्र जुळत नव्हते. अशा वेळी सोपा मार्ग हा की एकास खरे ठरवून इतर जाळून टाकावेत. पंथाने तसे केले नाही. पोथ्यांतून ठिकठिकाणी हे अमुक यांनी असे सांगितले, तमुक यांनी तसे, अशा नोंदी ठेवल्या गेल्या. मतभेद झाकला नाही. नाव घालून जतन केला. याचा लाभ आज अभ्यासकांस होतो, कारण भेदांची तुलना करूनच मूळाच्या जवळ जाता येते. ऐक्य म्हणजे भिन्न आठवणींचा उच्छेद, अशी समजूत ज्या संस्थांनी केली त्यांनी आपलाच पुरावा नष्ट केला.

आता या परंपरेतील जो भाग विचारास अधिक कठीण आहे त्याकडे वळू. चौदाव्या शतकात पंथीयांनी सकळ लिपी निर्माण केली. अक्षरांची ठराविक अदलाबदल करून लिहिलेली पोथी, किल्ली ठाऊक नसलेल्यास वाचता येत नसे. पुढे सुंदरी इत्यादी आणखीही लिप्या झाल्या आणि पंथाच्या तेरा आम्नायांतून त्यांचा प्रसार झाला. यामागील भाव समजण्यासारखा आहे. काळ अस्थिर होता, पवित्र वचन अनधिकारी हाती पडू नये ही चिंता होती, आणि पाठात परक्याने फेरफार करू नये ही दक्षताही होती. या आवरणामुळे जुन्या मराठीचे रूप पुष्कळ अंशी अविकृत राहिले, हा त्याचा गुण. पण त्याच आवरणामुळे शेजारच्या समाजास पंथाच्या घरात काय आहे हे शतकानुशतके कळले नाही, आणि जे कळत नाही त्याविषयी लोक भलते तर्क करतात. पंथाविषयी अनेक गैरसमज पसरले आणि ते खोडून काढण्याचे साधन कुलुपात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. १९३० च्या दशकात नागपूरचे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापण्यास घेतले, आणि १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती प्रसिद्ध झाली. पंथाच्या महंतांनी आपल्या पोथ्या अभ्यासकांस दाखविल्या म्हणूनच हे शक्य झाले. छापून आल्यावर वादही झाले. तथापि मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा तिच्या प्राचीन वाङ्मयात लीळाचरित्र अग्रभागी होते. आणि मराठी भाषा विद्यापीठासाठी महाराष्ट्र शासनाने स्थान निवडले ते रिद्धपूरच. कुलूप पोथीचे रक्षण करते हे खरे. पण किल्ली किती जणांजवळ आहे यावर त्या पोथीचे आयुष्य ठरते.

दुसरे उदाहरण समर्थ संप्रदायाचे. श्रीसमर्थ रामदासस्वामींनी मठ स्थापिले ते दूरदूर. कल्याणस्वामी डोमगावास, उद्धवस्वामी टाकळीस, वेणाबाई मिरजेस, भीमस्वामी तंजावरास. एवढ्या अंतरावरील मठांत एकच ग्रंथ एकाच रूपाने राहावा कसा? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेविषयी आहे, यात समर्थांची दूरदृष्टी दिसते. अक्षर वळणदार आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर तसेच अखेरीस असावे, हा उपदेश ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात का यावा? कारण नक्कल करणारा आळसावला की ज्ञान बिघडते, हे त्या संघटकास ठाऊक होते.

तरीही दोन शतकांनी मठोमठीची बाडे ज्याची त्याच्याजवळ राहिली आणि वाळवीस व पावसाळ्यास बळी पडू लागली. तेव्हा धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव पुढे आले. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. देवांनी मठामठांतून फिरून बाडे पाहिली, मिळविली, उतरवून घेतली. १९०५ मध्ये डोमगावच्या मठातील कल्याणांच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापून प्रसिद्ध केला आणि १९३५ मध्ये धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिर उभारून त्या संग्रहास कायमचे घर दिले. म्हाइंभटांनी माणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. देवांनी मठांकडे जाऊन कागद गोळा केले. दोघांनीही वाट पाहत बसण्याऐवजी स्वतः पायपीट केली, हे साम्य विसरता येत नाही.

भाविक वाचकहो, या सर्वांचा आपल्याशी संबंध काय? आपला हा मुलूख इतिहासाच्या दोन दारांमध्ये वसला आहे. एके काळी येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि दप्तर मोडीत लिहिले जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा निराळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरी मराठी व कचेरीत हिंदी, हा आपला नित्यक्रम होय. जुन्या घरांतील मोडी कागद वाचणारे आता विरळा, आणि मुलांच्या शाळा बहुतांशी हिंदीत. अशा ठिकाणी मठाचे ज्ञान दुहेरी धोक्यात असते: माणूस गेल्याने आठवण जाते, आणि माणूस असूनही ऐकणाऱ्यास भाषा कळेनाशी होते. हा गौरवग्रंथ द्विभाषिक काढण्याचा संकल्प झाला, त्यात या दुसऱ्या धोक्याचे निवारण आहे. पहिल्या धोक्याचे काय?

त्यासाठी रिद्धपूरचा धडा गिरवावा. मठातील आणि भक्तांच्या घरांतील पोथ्या, बाडे, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या यांची एक यादी व्हावी. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहिली तरी हरकत नाही, पण ती कोठे आहे हे सर्वांस कळावे. ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांनी मागील गुरुजनांस पाहिले आहे, त्यांच्याकडे तरुणांनी जावे व ते सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, नाव, गाव आणि तिथी घालून लिहून घ्यावे. स्वयंपाकघरात चाळीस वर्षे राबलेल्या मावशींची साक्ष विश्वस्तांच्या साक्षीइतकीच मोलाची मानावी. दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही ठेवावे. जमलेले सर्व मठाच्या ज्येष्ठांपुढे वाचले जावे आणि त्यांनी मान्य केलेली प्रत एकाहून अधिक ठिकाणी ठेवावी. शक्य तेथे छायाचित्रे काढून संगणकावरही जतन करावी. एकच पोथी एकाच पेटीत, हा भरवसा चौदाव्या शतकातच फोल ठरला आहे. आणि अखेरीस, जे साधनेचे गुह्य आहे ते गुरूंच्या आज्ञेने राखावे. परंतु जो इतिहास आहे तो सर्वांस मोकळा असावा.

यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक वही, एक शांत सायंकाळ आणि ऐकण्याची नम्रता एवढे पुरे. म्हाइंभट वाद जिंकावयास आले होते. ते ऐकू लागले, म्हणून एका संप्रदायाची स्मृती साडेसातशे वर्षे तगली. मठाच्या पुढील महोत्सवी वर्षी आपल्यापैकी कित्येक नसतील. त्या वेळी जे असतील त्यांस आपल्या गुरुजनांचा शब्द जसाच्या तसा मिळावा, एवढीच सेवा श्रीचरणी रुजू होवो.